पांढऱ्या कोंबडीचा छर्रा

सकाळी पहिला पाना उडाला तेव्हा आम्ही चहा पीत होतो. पाना मधल्या भिंतीवरून आमच्या अंगणात येऊन पडला आणि पाठोपाठ फोरमनचा आवाज आला.

"जावईबापू, वाकायचं नसतं. वाकलात की नेम चुकतो आणि वस्तू लोकांच्या घरी जाते."

फोरमन मूळचा एका गिरणीतला. गिरणी बंद पडली आणि तो गावात येऊन अंगणातच ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मळणीयंत्रं दुरुस्त करायला लागला. गिरणी गेली तरी हुद्दा त्यानं सोडला नाही आणि हुद्द्याबरोबरची मारझोडही सोडली नाही. माणूस रागीट, पण रीतीचा पक्का. 'अहो' म्हटल्याशिवाय त्यानं जावयाला कधी मारलं नाही. जावयाच्या भुवईवरची खूण, पुढचा तुटका दात, सगळं अहोजाहो करूनच झालेलं. बायकोवर मात्र त्यानं हात उगारलेला कुणी पाहिला नव्हता. लग्नानंतर एकदाच उगारला म्हणतात. तेव्हापासून फोरमनला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

मी पाना परत द्यायला भिंतीशी गेलो, तर पलीकडे भांडण चांगलं पेटलेलं होतं. फोरमनची लेक कमरेला पदर खोचून बापापुढे उभी होती. जावई भुवई दाबून खाली बसला होता.

"बाबा, यांनी फाट्यावर शेड घेतलीय. आम्ही निघतोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि हे."

"ह्यांना जाऊ दे. फुकटचं जेवण वाचेल. तू कशाला?"

"मी त्यांची बायको आहे."

"ते मला कळायला उशीर झाला," फोरमन म्हणाला.

खरी गोष्ट अशी, की मळणीचे दिवस तोंडावर होते. उन्हानं जमीन पायाचा पंजा जाईल इतकी तडकली होती आणि गावच्या साऱ्या ट्रॉल्या धुरळा उडवत फोरमनच्या अंगणात येत होत्या. काम करणारा हात एकच होता, तोही जावयाचा. आणि जावई जिथं जाईल तिथं गिऱ्हाईक जाणार, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

आवाज ऐकून भिंतीवर आणखी डोकी आली. कोपऱ्यावरचा टेलर तर गळ्यात टेप तसाच ठेवून आला. माणसं बघून फोरमनला चेव आला. त्यानं भिंतीकडेच्या जॅकला लाथ घातली.

हा जॅक म्हणजे फोरमनच्या घरातलं सगळ्यात जुनं दुखणं. लोखंडी चाकांचा, लांबट, जमिनीवर मगरीसारखा पडलेला. दांडी मारली की ट्रॉली उचलायचा आणि आपण जरा नाक शिंकरलं की ती हळूहळू खाली ठेवायचा. त्याच्याखालची माती तेल पिऊन काळी झाली होती. फोरमननं तो कितीदा तरी खोलला होता आणि दर वेळी तो पहिल्यापेक्षा जास्त गळला होता.

"सगळ्यांच्या देखत सांगतो," फोरमन म्हणाला. "आज दिवस मावळायच्या आत जावईबापूंनी हा जॅक दुरुस्त करावा. टिकला तर लेकीला न्या, वर जॅकही न्या. नाही टिकला तर दोघांनी इथंच राहायचं आणि फाट्याचं नाव काढायचं नाही. आहे कबूल?"

लेक म्हणाली, "कबूल."

जावयाला कुणी विचारलं नाही. त्यानं पोतं अंथरलं आणि जॅक उताणा केला.

कामाला लागल्यावर तो निराळाच माणूस व्हायचा. आधी त्यानं जुनं तेल परातीत काढलं. त्यात गाळ इतका, की पेरणी झाली असती. मग दट्ट्या बाहेर ओढला. आतलं रबरी सील कडेनं झिजून कागद झालं होतं. नवं सील त्यानं तेलात भिजवून बोटानं बसवलं. मग दाब सोडायचा स्क्रू काढला आणि त्याच्या तळाशी बसणारा पोलादी छर्रा तळहातावर घेतला. वाटाण्याएवढा. स्क्रू आवळला की हा छर्रा भोकावर दाबून बसतो आणि तेल मागं फिरत नाही. सगळं ओझं शेवटी त्या वाटाण्यावर.

"छऱ्याला ओरखडा नाही," जावई बायकोला हळूच म्हणाला. "बसायची जागा तेवढी मळलीय. टिकेल बघ."

हे फोरमनच्या उजव्या कानावर गेलं. तो उठला आणि त्यानं जावयाच्या हातावर अशी लाथ मारली, की छर्रा, परात, रॉकेलचा डबा सगळं अंगणभर झालं.

"माफ करा, जावईबापू. पाय घसरला."

जावई उठला. मूठ वळली. आम्ही भिंतीवर जरा पुढं सरकलो. पण लेक किंचाळली, "छर्रा! आई, तुझी कोंबडी!"

फोरमनबाईंच्या कोंबड्या धान्य समजून धावल्या होत्या. सांडलेल्या वाटाण्याची चौकशी आटपून त्या पांगल्या तेव्हा छर्रा तिथं नव्हता.

टेलरनं दुकानातून फुटक्या कर्ण्याचं लोहचुंबक आणलं. तो सुया शोधायला वापरायचा. मग एकेक कोंबडी धरून तिच्या गळ्याखाली चुंबक लावायचा कार्यक्रम झाला. तांबडी सुटली. काळीनं जावयाच्या मनगटाचं मांस काढलं आणि तीही सुटली. पांढरीच्या गळ्याशी मात्र चुंबक टक् करून चिकटलं आणि सुटेना.

पांढरी ही फोरमनबाईंची लाडकी. त्यांच्या हातावरच दाणे खायची, त्यांच्या मागोमाग चुलीपर्यंत जायची.

"पांढरीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

"नका लावू," फोरमन खुशीत म्हणाला. "मग लेक राहिली. बाई, तुझ्या कोंबडीनं माझं घर राखलं."

फोरमनबाई उठल्या. आत गेल्या, सुरी घेऊन आल्या. दाराच्या दगडावर ती घासली. पांढरीला त्यांनी स्वतःच मांडीत घेतलं, डोळ्यांवर पदर टाकला, तिच्या, स्वतःच्या नव्हे, आणि एका हिसक्यात मान उतरवली. धड उडून परातीत पडलं, पंख आपटत राहिलं, रक्ताचे शिंतोडे फोरमनच्या पायजम्यावर गेले. त्यांनी गळ्याची पिशवी चिरली, दोन बोटं घातली आणि छर्रा काढून जावयाच्या हातावर ठेवला.

"धुऊन घे," म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. फोरमननं पायजमा झटकला.

ऊन कलेपर्यंत जॅक उभा राहिला. नवं तेल भरलं, दांडी मारून हवा काढली, जावयानं स्क्रू आवळला. रिकामा जॅक वर गेला आणि वरच राहिला. थेंब नाही. भिंतीवर कुणीतरी शीळ घातली.

"बघू बघू," म्हणत फोरमननं जावयाला गुडघ्यानं बाजूला लोटलं. "सील कसं बसवलंय ते बघायला नको? उद्या माझं नाव जायचं." त्यानं जॅक खाली घेतला, स्क्रू सोडला, छर्रा काढला आणि नेहमीच्या सवयीनं गालात धरला. फोरमन नट, वॉशर, खिळे, सगळं गालात धरायचा. गाल फुगलेला नसला तर लोकांना तो आजारी वाटायचा. त्यामुळे छर्रा गालातून परत भोकात गेला का, हे कुणी बघितलं नाही. लेकीनं बघितलं.

"झकास काम, जावईबापू," फोरमन स्क्रू आवळत जाडसर जिभेनं म्हणाला. "आता चाचणी."

चाचणी म्हणजे काय, हे साऱ्या गावाला पाठ होतं. फोरमनचा गिरणीपासूनचा नियम होता. जॅक खोलला की ज्यानं शेवटचा स्क्रू आवळला, त्यानं ओझ्याखाली उताणं झोपायचं. एक सिगारेट संपेपर्यंत. तेवढ्यात दांडीला हात लावायचा नाही. या नियमानं गेल्या साली जावयाची करंगळी चिरडली होती. तेव्हा फोरमन म्हणाला होता, आता कसं, स्क्रू जपून आवळाल.

एक चाक काढलेली ट्रॉली लाकडी ओंडक्यावर टेकलेली होती. जॅक चाकांच्या आसाखाली सरकवला, जावयानं दांडी मारून ट्रॉली उचलली. ओंडका मोकळा झाला. फोरमनबाईंनी तो ओढून घेतला आणि त्यावर बसल्या.

"झोपा, जावईबापू. टेलर, पेटव सिगारेट."

जावई वाकला. लेकीनं त्याची कॉलर धरून मागं ओढलं.

"शेवटचा स्क्रू कुणी आवळला?"

फोरमनचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याच्याच हातात त्याचं थोबाड दिलं. भिंतीवर पंधरा-वीस डोकी. सगळ्यांनी पाहिलेलं. टेलरनं तेवढ्यात काडी ओढली.

"पेटवली बरं का, फोरमन," तो म्हणाला.

छर्रा नाही हे फोरमन म्हणू शकत नव्हता आणि झोपणार नाही हेही म्हणू शकत नव्हता. तो आसाखाली सरकला. छाती आणि आस यांत वीतभर जागा होती.

ट्रॉली आधी हललीच नाही. मग जॅकनं एक सुस्कारा सोडला. सगळ्यांनी ऐकला. स्क्रूचं नुसतं टोक भोकावर बसलं होतं, तेल त्याच्या कडेनं मागं सरत होतं आणि आस उतरत होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

"दांडी मारा, जावईबापू."

"नियम आहे ना, मामा. सिगारेट व्हायचीय."

टेलरनं आयुष्यात इतकी सावकाश सिगारेट कधी ओढली नव्हती.

आस शर्टाच्या गुंडीला टेकला. गुंडी तुटून उडाली. फोरमननं बाहेर सरकायचा प्रयत्न केला, पण खांदा अडकला होता.

"मार रे! मार दांडी, भडव्या!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'अहो' सुटलं होतं. जावयानं दांडी धरली. लेकीनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि ती बापाच्या तोंडाशी वाकली.

"छर्रा कुठंय, बाबा?"

"कसला छर्रा?"

कडकन आवाज आला. ओली फांदी मोडल्यासारखा. फोरमनची बरगडी. त्यानं किंचाळायला तोंड उघडलं, किंचाळी अर्ध्यावर अडली, डोळे बाहेर आले आणि गळ्याची घाटी एकदा वर जाऊन खाली आली.

जावयानं बायकोचा हात झटकला आणि दांडीवर तुटून पडला. आस बोटभर उठला. तो श्वास घ्यायला थांबला की आस खाली. पुन्हा दांडी, पुन्हा बोटभर. घाम त्याच्या फुटक्या भुवईतून डोळ्यांत उतरत होता.

"मामी, ओंडका! उठा ना!"

फोरमनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आधी त्यांना विचार, छर्रा कुठंय."

"गिळला!" फोरमन फुटक्या आवाजात म्हणाला. "काढून घेतला होता… गिळला! ऊठ बये!"

तेव्हा त्या उठल्या. ओंडका आसाखाली गेला आणि आम्ही भिंतीवरून उड्या टाकून फोरमनला पाय धरून बाहेर ओढलं. जीभ चावली गेली होती, तोंडातून रक्त येत होतं. तो कुशीवर वळला, थुंकला आणि आमच्याकडे बघून हसला. त्या हसण्याबद्दल त्याला मानलं पाहिजे.

"जॅक गळला," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलं. टिकला नाही. जावईबापू, लेक राहिली."

बोलणं बरोबर होतं. छर्रा कुठंही असो, जॅकमध्ये नव्हता. जावई दांडीला टेकून मटकन खाली बसला. लेकीनं ओठ चावला.

फोरमनबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात टेलरचं चुंबक होतं, दुसऱ्या हातात सकाळचीच सुरी. पात्याला एक पांढरं पीस अजून चिकटलेलं. त्या नवऱ्याशेजारी मांडी घालून बसल्या, त्याचा शर्ट वर सारला आणि पोटावरून चुंबक फिरवायला लागल्या.

"हे काय चाललंय?" फोरमन म्हणाला.

"दिवस मावळायचाय अजून. छर्रा बसवला की जॅक टिकेल." त्यांनी चुंबक बेंबीच्या वर दाबलं. "पांढरीचा गळ्यातच होता. तुमचा खोल गेलेला दिसतो."

त्यांनी वाकून दगडावर सुरी घासली. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग पदर काढून त्याच्या डोळ्यांवर टाकला.

"जावईबापू!" पदराखालून आवाज आला. "जावईबापू, धरा हिला!"

"मामा, दांडी मारून हात भरून आलेत."

"टेलर! अरे टेलर!"

"सिगारेट संपायचीय, फोरमन."

सुरीचं गार पातं पोटाला लागलं. त्याच्या बेंबीवर एक थेंब आला, लहानसा, लाल.

"जा!" फोरमन ओरडला. मोडक्या बरगडीनं त्याचा आवाज उंदरासारखा निघाला. "घेऊन जा लेकीला! जॅकपण न्या! सगळं न्या!"

सुरी थांबली. लेक म्हणाली, "जॅक छऱ्यासकट."

"छर्रा मी पाठवते," फोरमनबाई म्हणाल्या. "आज ना उद्या येईलच."

अंधार पडायच्या आत दोघं गेली. जॅक त्यांनी हातगाडीवर ठेवला होता आणि वाटभर तेलाची बारीक रेघ फाट्यापर्यंत गेली होती. फोरमनला छातीला पट्टा बांधून बाजेवर टाकलं. पुढं काही दिवस तो सकाळी परसाकडे निघाला की बाई चुंबक घेऊन मागोमाग. आम्ही भिंतीकडे पाठ करून चहा प्यायचो.

एका सकाळी फोरमनबाई स्वतः फाट्यावर जाऊन छर्रा देऊन आल्या. जावयानं तो रॉकेलमध्ये धुतला, उन्हात धरला, फिरवून फिरवून पाहिला. कोंबडीतून निघाला, फोरमनमधून निघाला, ओरखडा एक नाही.

"जुना माल आहे," तो म्हणाला आणि स्वतःच स्क्रू आवळून ट्रॉलीखाली झोपला.