कुडापलीकडचा खण

त्या साली सोमनाथनं वडगावच्या शेती केंद्रावरून नव्या जातीचं भात आणून लावलं, आणि ते एवढं पिकलं की घरात माणसाला पाय ठेवायला जागा उरली नाही. ओटीवर पोती, माजघरात पोती, देवापुढं हात जोडायला बसावं तर गुडघ्याला पोतं. सगुणाबाई पोत्यांना वळसे घालत चुलीपाशी जायची आणि दर वळशाला एक शिवी हासडायची. भाताला नाही, भाताला कोण शिवी देईल? उंदरांना, घुशींना आणि मधूनच सोमनाथला.

"आये, कूड काढू या," सोमनाथ म्हणाला.

सगुणाबाई आणखी एका पोत्याला वळसा घालून चुलीकडं गेली.

घराच्या मागल्या अंगाला भाताची खोली होती. चांगली ऐसपैस, पण मधोमध कारवीच्या काटक्यांचा, शेणमातीनं लिंपलेला कूड घालून तिचे दोन खण केलेले. अलीकडचा खण सगुणाबाईचा, पलीकडचा तिच्या धाकट्या जावेचा, इंदूबाईचा. दुष्काळाचं साल सरल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. जमीन तलाठ्यानं वाटली, भांडीकुंडी पंचांनी वाटली. भाताची खोली मात्र दोघी जावांनी आपल्या हातांनी वाटली, कारण दुसऱ्या कुणी घातलेला कूड सरळ असेल यावर दोघींचाही भरवसा नव्हता. डोंगरातून कारवी दोघींनी आणली. एकीनं अलीकडून शेणमाती लिंपली, दुसरीनं पलीकडून. लिंपताना तोंडं चालूच होती. अलीकडून दाबलेली ओली माती कारव्यांच्या फटीतून पलीकडं जायची आणि दुसरीच्या बोटांना लागायची. मग ती दुप्पट जोरानं परत दाबायची.

भांडण कशावरून झालं होतं? पायलीवरून. दुष्काळाच्या त्या सालात घरच्या कांडपासाठी भात मापताना इंदू पायलीवर शीग, म्हणजे वरचा ढीग, जरा जास्तच चढवते असं सगुणाबाईला वाटलं, आणि वाटलं ते तिनं बोलून टाकलं. "तुझ्या माह्यारी कुसळं पिकत्यात म्हणून हितं ढिगानं भरतीस व्हय गं?" इंदूचं माहेर तिकडं कोरडवाहू मुलखात. माहेरावर बोललेलं बाई विसरत नाही, हे सगुणाबाईला कुणी सांगायला नको होतं. तरी बोलली. जीभ तिचीच, पण तिच्या ताब्यात ती कधी नव्हती.

कूड घातल्यावरही दोन वर्षं बरी गेली. दोघी आपापल्या खणात भात काढायला गेल्या की कुडाच्या आरपार बोलायच्या. बोलायच्या म्हणजे भांडायच्याच. "तुमच्याकडचा उंदीर माझ्याकडं आला." "तुझ्या भाताला वास बरा येतोय, म्हणून आला असंल." मग इंदूच्या नवऱ्याला, हैबतरावाला, खडकीत कारखान्यात नोकरी लागली. इंदूनं आपल्या खणातलं भात विकलं, दाराची कडी लावली आणि एसटीत बसून गेली. त्याला तेरा वर्षं झाली.

तेरा वर्षं तो खण मोकळाच होता. आणि दर दिवाळीला सगुणाबाई अंगणातून फिरून पलीकडच्या दारानं आत जायची, इंदूच्या बाजूनं कूड सारवायची आणि कडी लावून परत यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिच्याकडनं ढासळला तर माझ्याच अंगावर पडंल ना."

"जागा हाय तितं, आये," सोमनाथनं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. "पर दोन खण असे चिंचोळे, एकात बी मोठी कणगी बसत न्हाई. कूड काढला तर तीन बसतील. समदं भात आत जाईल."

"ती जागा आपली न्हाई."

"मग कुणाची? काकीनं तेरा वर्सांत मूठभर दाणा ठिवला न्हाई तितं."

"दाणा ठिवला न्हाई म्हणून वाटणी मोडती व्हय रं? तुझ्या बापाला जाऊन चार वर्सं झाली, म्हणून त्याचं नाव मी सात-बाऱ्यावरनं पुसलं का?"

"पुसलं की. मीच तलाठ्याकडं जाऊन पुसून आणलं."

"बघा, तोंड बघा कसं चालतंय! बापावर गेला असतास तर बरं झालं असतं. तो आठवड्यातनं एकदा बोलायचा."

सोमनाथ काही बापावर गेला नव्हता. पोत्याच्या कोपऱ्यातून भात सांडू लागलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, "खडकीला जा, काकीला इचार. येत्या रविवारपातुर गेली न्हाईस तर मी कुऱ्हाड घेतो."

सगुणाबाई सांडलेलं भात गोळा करायला वाकली. लेकाला काय कळतं? कूड उभा आहे तोवर इंदूचा इथं वाटा आहे. ज्याचा वाटा आहे तो माणूस एक ना एक दिवस येतो, निदान भांडायला तरी. ज्याचं इथं काहीच नाही, तो कशाला तीन एसट्या बदलून कोळवणला येईल?

तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, अडीच शेर आंबेमोहर फडक्यात बांधला आणि निघाली. पौड गेलं, भुकूम गेलं, तिचं खिडकीबाहेर लक्षच नव्हतं. ती मनात भांडण जुळवत होती. मी म्हणेन, तुझा खण आम्ही घेतोय. ती म्हणेल, हात लावून बघा! मी म्हणेन, लावणारच. ती म्हणेल, उद्याच्या उद्या येते बघा तिथं! शेजारच्या बाईनं विचारलं, "आजी, हसताय का?" सगुणाबाई म्हणाली, "दात दुखतोय."

खडकीच्या दोन खोल्यांत इंदू चष्मा लावून गव्हातले खडे वेचत होती. "अगंबाई, जाऊबाई!" म्हणून उठली. पाया पडली. खुर्चीवर बसवलं. गॅसवर चहा केला, कपबशीत दिला, सोबत दोन बिस्किटं दिली. सगुणाबाई खुर्चीच्या टोकावर बसली. पूर्वी इंदू तिला नुसतं 'बाई' म्हणायची. 'जाऊबाई' हे लग्नपत्रिकेत छापल्यासारखं वाटत होतं.

"भात लई पिकलंय," सगुणाबाई म्हणाली. "सोमनाथ म्हणतोय, कूड काढू."

"काढा की. त्यात विचारायचं काय?"

सगुणाबाईनं बशी खाली ठेवली. "समदा काढू?"

"सगळा काढा. आम्हाला आता काय करायचंय तिथं."

"तुझा खण माझ्यापरीस चार बोटं मोठा हाय, इंदे."

"असेल," इंदू म्हणाली आणि पुन्हा गव्हाचं ताट पुढं ओढलं.

असेल! त्या चार बोटांसाठी एके काळी इंदूनं पंचांना बोलावलं असतं, काठी घेऊन स्वतः मापलं असतं. सगुणाबाईला वाटलं, उठावं आणि तिला खांद्याला धरून गदागदा हलवावं. पण ती बशीतला चहा पीत बसली. चहा गोड होता. फार गोड होता.

घरी आली तेव्हा सोमनाथ दारातच होता. "काय म्हणली काकी?"

सगुणाबाई आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "न्हाई म्हणली."

"न्हाई?"

"साफ न्हाई म्हणली. लई बोलली मला. म्हणली, कुडाला बोट लावाल तर पोलिसात जाईन. म्हणली, माझा खण चार बोटं मोठा हाय, त्ये इसरू नका. म्हणली, मी मेले न्हाई अजून. असं बोलली, असं बोलली, की चाळीतली माणसं जमली." बोलता बोलता सगुणाबाईच्या चेहऱ्यावर तकाकी आली. एसटीत जुळवलेलं सगळं भांडण तिनं इंदूच्या तोंडी घातलं आणि वर स्वतःची चार वाक्यं जास्त घातली.

सोमनाथनं डोकं खाजवलं. सगुणाबाईला वाटलं, मिटलं. पण लेक साधा. आपल्या काकीला एवढा राग आला याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं आईला न सांगता कार्ड टाकलं. काकीस साष्टांग नमस्कार, पोलिसात जाऊ नये, कूड आहे तसाच राहील, आपला राग आमच्यावर नसावा.

त्यानंतरच्या रविवारी अकराच्या एसटीनं इंदू उतरली. हातात कार्ड. अंगणात पाय ठेवायच्या आधीच तिचा आवाज आला.

"बाहेर या! कुठाय तो पोलीस? मी पोलिसात जाते म्हणाले? मी? तुम्हाला खुर्चीवर बसवून चहा दिला, बिस्किटं दिली आणि मी—"

"दोन दिलीस," सगुणाबाई दारात येऊन म्हणाली. "त्यातलं एक मऊ पडलं होतं."

"मऊ? माझ्या घरचं बिस्किट मऊ?" इंदूनं चष्मा काढून कमरेला खोचला. "न्हाई, न्हाई, जिभेला हाड कसं न्हाई ओ तुमच्या? तवा बी असंच! पायलीवर शीग चढवते म्हणं! अवो, वाढणारीचा हात सढळ असावा लागतो, तुमच्यागत आखडलेला न्हाई!"

इंदूच्या तोंडून 'न्हाई' आलं, 'तवा' आलं, 'अवो' आलं. सगुणाबाईनं तोंड फिरवलं आणि पदरानं चेहरा पुसल्यासारखं केलं. सोमनाथ एकदा आईकडं बघत होता, एकदा काकीकडं.

"खोटं का सांगितलंत?" इंदू दम घ्यायला थांबली. "सोन्यासारख्या पोराला?"

सगुणाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. 

"तू 'असेल' म्हणलीस," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"चार बोटाचं म्हणले मी, आन तू 'असेल' म्हणलीस. गहू निवडत व्हतीस." पुढचं तिला सांगता येईना. "असं म्हणू ने, इंदे."

इंदूनं कमरेचा चष्मा काढून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तरातरा मागल्या दारी गेली, आपल्या खणाची कडी काढून आत शिरली. सगुणाबाई मागोमाग. आत ताज्या शेणाचा वास होता. इंदूनं कुडावरून हात फिरवला.

"हे कुणी सारवलं?"

"घुशींनी."

इंदूनं भिंतीपासून कुडापर्यंत पावलं टाकली, राहिलेली जागा बोटांनी मापली. पलीकडं जाऊन तेच केलं. "चार न्हाई," ती म्हणाली. "पाच बोटं हायेत. पंधरा वर्सं मला एका बोटानं फसवलंत."

"तुझी बोटं बारीक."

"आता मापून झालं, काढा कूड. पोराचं भात उंदरांना घालायचंय व्हय?" इंदू म्हणाली, आणि दोघींनी मिळूनच कूड काढला. सोमनाथ कुऱ्हाड घेऊन आला, त्याला दोघींनीही हाकललं. इंदूनं पहिली कारवी उपसली. माती भसाभसा पडली, दोघी खोकल्या, एकमेकींच्या डोक्यावरची धूळ झटकताना पुन्हा दोन शब्द झाले. दुपारपर्यंत खोली सगळी मोकळी. सोमनाथनं जमीन चोपली, केर काढला, आणि कूड कुठं होता ते दाखवायला खूणसुद्धा राहिली नाही. तो खुशीत कणग्या आत ओढू लागला. पहिल्या कणगीत भात पडू लागलं तेव्हा सगुणाबाई उंबऱ्यावर बसून बघत होती. एवढी मोठी खोली. आपल्याच घरात एवढी जागा होती, हे तिला नव्यानं दिसत होतं. ती मोकळी जागा तिला बघवत नव्हती.

साडेचारची एसटी होती. "उद्या ह्यांची पहिली पाळी, डबा करायचाय," म्हणून इंदू जेवून निघाली. सगुणाबाई फाट्यापर्यंत पोचवायला गेली. वाटेत बोलायला काही नव्हतं. एकमेकींकडं मागायला काही नाही, एकमेकींचं काही अडकलेलं नाही. दोघी परक्या बायकांसारख्या पाऊसपाण्याचं बोलल्या.

इंदू खिडकीपाशी बसली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. सगुणाबाई गाडीबरोबर चार पावलं धावली.

"इंदे! बांधावरल्या फणसाची वाटणी राहिलीय गं! त्यो निम्मा माझा हाय!"

इंदूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिचे ओठ हलले, हातही हलला. पण इंजिनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आणि धुरळ्यात चेहराही नीट दिसला नाही.

सगुणाबाई फाट्यावर उभी राहिली. धुरळा खाली बसेपर्यंत ती त्या हलणाऱ्या ओठांचा विचार करत होती. शिवी असेल तर इंदू येईल. 'येते हं' असं काही म्हणाली असेल, तर नाही.