झेंड्याचा अर्धा व्हिडिओ

मेघाला फोनवाचून घास उतरत नाही, ही गोजरबाईची तक्रार काही आजची नव्हती. भाकरी फुगली, काढ फोटो. पोरीला दात आला, काढ फोटो. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली, तरी हिचा फोन वर. पण या खेपेला सुनेनं हद्दच केली. नवऱ्याची केस कोर्टात उभी, आणि हिनं नवऱ्याचाच व्हिडिओ साऱ्या बजाजनगरला वाटला.

"नुसता स्टेटसला ठेवला होता, आत्याबाई," मेघा पीठ मळता मळता म्हणाली.

"मग आता विचार जा त्या विमावाल्याच्या वकिलाला, आवडला का म्हून!"

मेघानं मान वर केली नाही. गोजरबाईला तेही खुपलं. उलटून बोलली असती तर निदान भांडण तरी नीट झालं असतं.

दोन वर्षांमागं आकाश पैठणहून मोटरसायकलवर येत होता, तेव्हा मागून कारनं उडवलं. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, उजवा पाय दीड इंच आखूड झाला. वाळूजच्या कंपनीत तो प्रेस मशीनवर होता. ते काम आठ तास उभ्यानं. कंपनीनं चार महिने वाट बघितली आणि घरी बसवलं. पोरगं तीस वर्षांचं, हातात कला, पण पाय साथ देईना. गेलेल्या कामाची भरपाई कारच्या विमा कंपनीनं द्यावी, एवढाच दावा. तो वहिदाबाई वकिलीण चालवत होत्या.

काल त्यांचाच फोन आला. समोरचा वकील कोर्टात व्हिडिओ दाखवणार होता. आकाश जयंतीच्या मिरवणुकीत उंच निळा झेंडा घेऊन ताठ चाललेला. कसला अपंग, म्हणणार. आणि साक्ष नेमकी गोजरबाईची.

दीर साहेबराव धावत आले. "वहिनी, साधं हाय. अपघाताच्या आधीचा हाय म्हणून सांगा. कोण बघायला आलंय?"

"भाऊजी, बाबासाहेबांनी कायदा लिहिला तो आपण त्याच्याच दारात खोटं बोलावं म्हून का? चहा घ्या आन् घरी जा."

साहेबराव चहा घेऊन गेले. गोजरबाईनं आपला कप मात्र तसाच ठेवला. कारण सुनेवर ती जेवढी ओरडत होती, तेवढं आतून तिला एकच कुरतडत होतं, आणि ते ती कुणाजवळ बोलली नव्हती.

गल्लीतला पहिला झेंडा तिच्या नवऱ्यानं, अप्पारावांनी उभा केला होता. तेव्हापासून जयंतीला झेंड्याला पहिला हात त्याच घरचा. अप्पाराव गेले, मग आकाशचा. यंदा आकाश म्हणाला होता, "माय, पाय टिकायचा नाय. चुलत्याच्या पोराला दे." आणि तिनं चारचौघात म्हटलं होतं, "अप्पारावाचं घर हाय हे. का मी घेऊ झेंडा? मग तू बांगड्या भर."

पोरानं मुकाट्यानं कमरेला झेंड्याचा पट्टा बांधला होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तिनं इस्त्रीची पांढरी साडी नेसली. मागच्या बाकावर आकाश काठी धरून, शेजारी मेघा. समोरचा वकील गुळगुळीत चेहऱ्याचा, बोलणं लई गोड. त्यानं फोनवरचा व्हिडिओ तिच्यापुढं धरला.

"आजी, हा तुमचाच मुलगा ना?"

"माझाच. तुमचा असता तर तुमी त्याला असं दाखवत फिरला नसता."

जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "विचारलं तेवढंच सांगा, बाई."

"व्हय, साहेब."

"झेंडा घेऊन चालतोय ना? कुणी धरलेलंही नाही. काठीही नाही."

"चालतोय." गोजरबाईनं कठड्याला हात घट्ट केला. मागं बघितलं नाही. "मीच चालवला. त्यो नको म्हणत होता. पाय टिकायचा नाय म्हणाला. मी चारचौघात त्याला बांगड्या भर म्हणाले. माझ्या घरची ऐट राहावी म्हून लंगड्या पोराच्या कमरेला बांबू बांधला, साहेब. नऊ पावलं चालला. मी मोजली. दहाव्या पावलाला काय झालं ते या वकीलसाहेबांच्या फोनात नाय."

"पुढचं काही अस्तित्वातच नाही," वकील हसला. "आजींना जेवढं सोयीचं—"

"आहे."

मेघा उभी होती. घरात जिचा आवाज भांड्यांच्या वर जात नसे, ती. "पूर्ण आहे, साहेब. माझ्याच फोनात. मीच काढलाय."

वहिदाबाईंनी लगेच परवानगी मागितली. फोन जजसाहेबांच्या टेबलावर गेला. ढोलाचा आवाज कोर्टभर झाला, मग झेंडा कलला, पोरं धावली, कुणीतरी बांबू झेलला. आकाश रस्त्यावर. त्याची ती किंकाळी. चौघांनी उचलून त्याला रिक्षात घातलं. आणि त्या सगळ्या गलक्यावर एका बाईचा फाटलेला आवाज, "माझं लेकरू! मीच मारलं रे याला!"

तो आवाज आपला आहे हे गोजरबाईला कळायला क्षण लागला.

"पूर्ण होता तर स्टेटसला अर्धाच का ठेवला?" जजसाहेबांनी मेघाला विचारलं.

मेघा फरशीकडं बघत राहिली. "त्यांना पडलेलं लोकांनी बघू नये म्हणून, साहेब. म्हणूनच घरातही कुणाला सांगितलं नाही. चालतानाचं तेवढंच ठेवलं. ते... लई छान दिसत होते."

जजसाहेबांनी पूर्ण व्हिडिओ लेखी अर्जासोबत जोडायला सांगितला. समोरच्या वकिलानं आपला फोन खिशात घातला आणि पुढची तारीख मागितली. कंपनीला तडजोडीचं विचारून येतो म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर वहिदाबाई म्हणाल्या, "तारीख मागितली म्हणजे पाय अधू झाल्याचं त्यांना पटलंय, मावशी. आता बोलणी होतील. उशीर लागेल, पण दावा उभा राहिला."

आकाश एकेक पायरी काठीनं उतरत होता. गोजरबाई त्याच्याजवळ थांबली. काय बोलावं ते सुचेना, तर तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"राहू दे, माय," तो म्हणाला. "नऊ पावलं तर चाललो."

मग ती सुनेकडं वळली. मेघा फोन पदराआड लपवत होती, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"मेघे, इकडं बघ," गोजरबाई म्हणाली, जाणारे-येणारे ऐकतील एवढ्या आवाजात. "काल तुला बोलले ते सगळं माझं मला लागू हाय. पडलेला नवरा तू जगापासून झाकलास, आन् त्याच्या कामाला यायची वेळ आली तेव्हा भर कोर्टात उघडाबी तूच केलास. मला ह्यातलं उघडं करणं तेवढंच जमलं असतं. आजपासून या घरात तुझ्या फोनला कुणी नाव ठेवलं तर त्याची आधी माझ्याशी गाठ हाय. आन् पुढच्या जयंतीला झेंड्याला पहिला हात तुझा. पट्टा मी बांधते."