बिनतारेची वाडी

कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीत वीज आणायची म्हणून धाऊने तीन वर्षं कर्जतच्या वीज कार्यालयाचे उंबरठे झिजवले. गेल्या साली अंधारात मण्यार चावून त्याची थोरली नात गेली. मुलगा मनोज माथेरानला हॉटेलात राबायचा. घरी सून वनिता आणि धाकटी, सहा महिन्यांची. वनिताने सासऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, "बाबा, दिवाळीपातुर दिवा नाय आला, तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन."

शेवटी आठ लोखंडी खांब मंजूर झाले. टेंपो पायथ्याशीच थांबला आणि वाडीने खांब खांद्यावरून वर चढवले. त्यात शेजारच्या कोंडाजीचा खांदा निखळला.

तेवढ्यात हवेतून वीज पाठवणाऱ्या एका कंपनीचा योगेंद्र नावाचा साहेब उगवला. त्याने पायथ्याला टीव्हीच्या डिशसारखी भलीमोठी छत्री उभारली आणि तिची वीज झेलायला धाऊच्या छपरावर एक चौकोनी पत्रा बसवला. मधे तार नाही, काही नाही, आणि घरात बल्ब लख्ख. वर्षभरात वनिता पहिल्यांदा हसली.

"उद्या पाहुणे येणार, फोटो काढणार," साहेब म्हणाला. "बिनतारेची वाडी म्हणायची आणि मागे खांबांचा ढीग? ते खाली रस्त्याला नेऊन ठेवा, धाऊबाबा."

घरी आलेल्याला नाही म्हणायची वाडीत रीत नाही. धाऊच्या एका शब्दावर माणसांनी तेच खांब पुन्हा रस्त्यापर्यंत उतरवले. साहेब तेवढा वेळ मोबाइलवर बोलत होता.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बल्बाखाली उभं राहून धाऊने, न वाचताच, साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही केली. चौथ्या दिवशी छत्री आणि पत्रा गाडीत भरले गेले.

"प्रयोग होता, बाबा. यशस्वी झाला," साहेब म्हणाला. मेला खूशही होता.

धाऊ कर्जतला धावला. वीज कार्यालयातल्या निवेदिता मॅडमनी कंपनीने पाठवलेला फोटो पुढे सरकवला. "हे तुम्हीच ना? वीज मिळाली म्हणून सहीसुद्धा आहे. खांब दुसऱ्या गावाला दिले."

"मॅडम, ती वीज तर नेली त्यांनी."

"मग त्यांच्याकडेच मागा."

धाऊ परतला तेव्हा वनिताने त्याचा चेहरा पाहिला आणि पोरीला पाठीशी बांधायला घेतलं.

"दिवाळीला अजून म्हयना हाय गं," धाऊ म्हणाला. "आनतो मी दिवा."

"थोरली जित्ती होती तवा बी तुमी आसंच म्हनत होता," वनिता म्हणाली आणि उताराला लागली.