अकरावा ऑटो

देवमननं माणिकबाईच्या ऑटोतली पिशवी उचलली आणि आपल्या ऑटोत नेऊन ठेवली. पिशवीमागोमाग पिशवीची मालकीणही मुकाट्यानं तिकडे गेली. जाताजाता तिनं वळून माणिकबाईकडे पाहिलं, जणू चूक तिची स्वतःचीच झाली होती.

"नंबर पाहून बसत जा ना काकू," देवमन त्या बाईला म्हणाला, पण ऐकवायचं होतं दुसरीलाच. "अबोली रंग दिसला का बसल्या! त्या गाडीले नंबर नाई अठी."

लाइनीतले दोघेतिघे हसले. माणिकबाईनं हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि चौकातला वाहतूक पोलीस इकडे पाहतो आहे हे दिसताच पुन्हा हँडलवर ठेवून गाडी सुरू केली. थांब्याच्या बाहेर उभं राहिलं की चालान फाटायचं, आणि थांब्याच्या आत तिला कुणी घेत नव्हतं.

अकोल्याच्या भाजीबाजारालगतचा हा कोपरा तिला नवा नव्हता. याच थांब्याच्या कडेला पोतं अंथरून तिनं वर्षानुवर्षं मेथी, वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकल्या होत्या. माल घरच्याच मळ्यातला. तिचे यजमान खुशालराव पिकवायचे, ती विकायची. थांब्यावरच्या दहाही ऑटोवाल्यांनी घरी जाताना तिच्याकडून भाजी नेली होती. तिच्या पोत्याच्या कोपऱ्यावर टेकून चहा प्यायला होता. देवमनची सोयरीक मोडली तेव्हा त्याचं रडगाणं सगळ्यात आधी तिनंच ऐकलं होतं.

मग बायकांसाठीच्या अबोली ऑटोचे परवाने निघाले. अमरावतीला शिकणाऱ्या आकांक्षानं आईच्या नावानं अर्ज भरला. खुशालराव आधी हसले, आणि मग मळ्याच्या वाटेवर गाडी शिकवताना स्वतःच बांधावर उतरून धक्का द्यायला लागले. माणिकबाईनं परीक्षा दिली, लायसन घेतलं, बिल्ला घेतला. साडीवर खाकी शर्ट चढवून ती नवा ऑटो घेऊन थांब्यावर आली, तेव्हा तिच्या हातात सगळ्यांना वाटायला पेढ्याचा पुडा होता. पेढे सगळ्यांनी खाल्ले. लाइनीतला नंबर कुणीच दिला नाही.

"परवाना आरटीओनं देल्ला, ते बराबर हाये बाई," थांब्यावरचा सगळ्यात जुना माणूस शेषराव खाली पाहत म्हणाला होता, "पन थांबा आमी भांडून घेतला. काठ्या खाल्ल्या आमी याच्यासाठी. पाटी वाच. पाटीवर दहाच लिवेल हायेत."

खांबावरच्या निळ्या पाटीवर खरंच तसं होतं : ऑटोरिक्षा थांबा, क्षमता १०. महानगरपालिकेची पाटी. माणिकबाईनं ती आजवर शेकडो वेळा पाहिली होती. वाचली त्या दिवशी.

दुसऱ्या थांब्यांवर गेली, तर तिथेही पाट्या होत्या आणि तिथेही माणसं भरलेली होती. मग ती दिवसभर फिरत राहायची, रस्त्यात कुणी हात दाखवला तर थांबायची. संध्याकाळी आकांक्षाचा फोन यायचा.

"आई, नंबर भेटला का?"

"भेटीन."

हे 'भेटीन' म्हणताना आपला आवाज रोज थोडा खाली येतो, हे तिच्या लक्षात येत होतं. पोरीच्याही येत असणार.

एका संध्याकाळी ती बाजारातल्या नळावर ऑटो धूत होती. शेषराव आला. तिनं न मागताच त्यानं बादली उचलून नळाखाली लावली.

"उद्या पाहनी हाये," तो म्हणाला. "आरटीओचे, पोलीसचे, महानगरपालिकेचे, सारेच येऊन राहिले. कोनं तरी तक्रार केली, का थांब्यानं रस्ता अडते. थांबा गोदामाच्या मांगं हलवतो म्हनतेत."

"गोदामाच्या मांगं? तठी तं कुत्रंबी येत नाई."

"तेच तं." शेषरावनं भरलेली बादली तिच्यापुढे सरकवली. "अन् आरटीओच्या मॅडम हरेक थांब्यावर इचारून राहिल्या म्हनते, बायकाइचे ऑटो कुठी हायेत. उद्या तू गाडी लाइनीत लाव. सगळ्याच्या पुढं लाव."

माणिकबाई काच पुसत होती. फडकं थांबलं.

"नंबरात लावू, का नुसतं दाखवाले?"

शेषरावनं पाण्याकडे पाहिलं.

"शेषरावदादा, मी येतो. पन मॅडम जे इचारतीन, ते मी खरंच सांगीन. मंग म्हनू नका."

शेजारच्या भाजीवाल्या केशरबाईनं हे सगळं ऐकलं होतं. शेषराव जाताच ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. "अवं, जाऊच नको! जाऊ दे त्याइचा थांबा गोदामामांगं. बसू दे माशा मारत. पेढे खाऊन ढेकर देल्ला मेल्यायनं, तुले बसाले जागा देल्ली का?"

"पायतो उद्या," माणिकबाई म्हणाली. रात्रभर तिला दोन्ही उत्तरं बरोबर वाटत राहिली.

सकाळी तिचा अबोली ऑटो लाइनीत पहिला उभा होता. मागे दहा ऑटो. देवमननं आज इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि इतके दिवस जी मान तिच्याकडे वळली नव्हती ती आता दर मिनिटाला वळत होती.

"मावशी, चाय सांगू का?"

"नको."

"उनात नका बसू, मावशी. सावलीत घेता का?"

"देवमन," ती म्हणाली, "आज तुया आवाजाले लय साखर हाये. जपून राय, मुंग्या लागतीन."

पाठीमागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण जीप आली होती. महानगरपालिकेच्या माणसानं टेप काढून रस्त्याची रुंदी मोजली आणि मान हलवली. आरटीओच्या निरीक्षक मॅडम लाइनीच्या कडेनं चालत येऊन अबोली ऑटोपाशी थांबल्या. बिल्ला पाहिला, परवाना पाहिला.

"छान. या थांब्यावर तुमचा नंबर कितवा असतो, ताई?"

दहा माणसांचा श्वास मागे अडकला होता. माणिकबाईला तो ऐकू येत होता. शेषराव खांबाला टेकून उभा होता. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तिला वाटलं, याच्याही अंगावर काठ्या बसल्या होत्या ते काही खोटं नाही.

"नंबर नाई मले, मॅडम," ती म्हणाली. "पाटीवर दहाच हायेत. मी अकरावी. आज दाखवाले उभं केलं त्याइनं मले."

देवमननं डोळे मिटले. मॅडमनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. महानगरपालिकेच्या माणसानं वही काढली.

"मग लिहून घ्या," मॅडम त्याला म्हणाल्या. "महिला चालकाला प्रवेश नाही. थांबा हलवण्याची शिफारस..."

"तसं लिवू नका, मॅडम."

माणिकबाई गाडीतून उतरली. एवढ्या माणसांसमोर उभं राहून तिनं आजवर फक्त भाव सांगितला होता.

"थांबाच उठला, तं मी नंबर मांगू कोनाले? मले गोदामामांगं नंबर नाई पायजे. मले अठीच पायजे. हे लोक कामाचे हायेत, मॅडम. भांडकुदळ हायेत, पन कोनाले दवाखान्यात न्याचं असन तं नंबर नाई पाहत, जो पयला हाये तो निंगते. म्या इतके वर्सं पायलं हाये. थांबा राहू द्या. पाटी बदला."

वहीवाल्याचं पेन तसंच राहिलं. "अहो, पण जागा कुठे आहे?" तो म्हणाला. "रस्ता आधीच अरुंद. अकरावा ऑटो उभा कुठे राहणार?"

"राहीन तोबी, साहेब."

शेषराव बोलला होता. बोलून त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं, कारण तो खांब सोडून पुढे आला. "आमी ऐसपैस उभे रायतो, म्हनून जागा दिसत नाई. उलीसक सरकून लावलं तं रस्ताबी मोकळा रायते, अन् बाईबी बसते. ए! पाहून काय राहिले? सरकवा गाड्या!"

गाड्या सरकल्या. ढकलत, एकमेकांना शिव्या देत, बंपरला बंपर लावून दहा ऑटो मागे गेले. वहीवाल्यानं पुन्हा टेप लावला. पुन्हा मान हलवली, पण या वेळी वरखाली.

आठवड्याभरात महानगरपालिकेचा पेंटर आला. शिडीवर चढून त्यानं शून्य खरवडून काढलं आणि तिथे एक रंगवला. केशरबाईनं खालून ओरडून सांगितलं, "मोठा काढ रे बाबू! दुरून दिसला पायजे!" संध्याकाळी फोनवर आकांक्षानं विचारायच्या आत माणिकबाईनं सांगून टाकलं, आणि पोरीनं तिकडे खोलीतल्या मैत्रिणींना इतक्या जोरात ओरडून सांगितलं, की खुशालरावांनी अंगणातून विचारलं, काय झालं म्हणून.

तरीही पहिले काही दिवस थांब्यावर सगळे तिच्याशी जपून वागत होते. तिचा नंबर आला की बाजूला व्हायचे, पाहुणीला वाट द्यावी तसे. माणिकबाईला ते बरं वाटत होतं आणि बरं वाटतही नव्हतं.

सोमवारी बाजार होता. पोत्याचं गाठोडं घेऊन एक म्हातारा आला. माणिकबाईनं गाठोडं उचलून आपल्या ऑटोत टाकलं, तोच चहाच्या टपरीवरून देवमन धावत आला.

"ओ मावशी! डोये फुटले का? माया नंबर होता!"

"तुया? तू तं चाय ढोसून राहिल्ता!"

"चाय प्याले गेल्तो, मसनात नाई गेल्तो!"

"गेला तो मांगं. तूच शिकवलं लोकाइले, नंबर पाहून बसत जा."

"पाय शेषरावदादा, कशी तोंड चालवून राहिली! हे बाई आपल्याले बसू नाई देनार!"

"बस ना. मांगच्या शीटवर बस. स्टेशनवर सोडतो, भाडं पुरं घेईन."

सारा थांबा हसला. शेषरावनं पेपरातून डोकं न काढता निकाल दिला, "बाईचा नंबर हाये. मांगं घे, देवमन." देवमन हातवारे करत, आई-बहिणीवरच्या शिव्या ओठातच चावत मागे गेला, आणि जाताजाता त्यानं अबोली टपावर एक जोराची थाप मारली.

माणिकबाईनं गाडी काढली. कोपरा वळल्यावर म्हातारा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला,

"लय तरास देत असतीन हे लोक तुमाले. रोजच असं भांडतेत का?"

"नाई जी," माणिकबाई म्हणाली. "आज पयल्यांदाच भांडला."

आणि समोर रस्ता मोकळा असतानाही तिनं लांबलचक हॉर्न वाजवला.