काळ्या कापडाचं भोक

मित्रांनो, मी एक जुनं काळं कापड आहे. माझ्या अंगावर वाटाण्याएवढं रफू आहे. त्या रफूची ही गोष्ट.

खरं तर मी छत्रीचं कापड. १९८२ साली नीलाताईंनी घाटकोपरहून मला घेतलं, दुहेरी शिवलं आणि मुलुंडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणलं. माझं काम एकच, अंधार राखणं. तिथले शिपाई दशरथमामा प्रयोग संपला की मला झटकून घडी घालत आणि "ह्येच्यासारखा इमानी कोण नाय," म्हणत. मी फुशारून जाई.

ताई यीस्टवर प्रयोग करत. पाव फुगवतं, तेच यीस्ट. काचेच्या बशीत त्याच्या पेशी पसरून त्यांच्यावर अतिनील दिवा धरायचा आणि मग बशी माझ्याखाली झाकून ठेवायची. त्या किरणांनी डीएनएच्या साखळीतले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटून बसतात. धडधाकट पेशी बिघडलेला तुकडा कापून तिथे नवा विणते, अगदी रफूसारखा, आणि हे अंधारातही चालतं. यीस्टकडे दुसराही एक कारागीर असतो. तो चिकटलेले दुवे सोडवतो, पण त्याला साधा उजेड लागतो. ताईंच्या मते त्यांच्या बशीतल्या यीस्टला हे रफू येत नव्हतं. म्हणजे माझ्याखालच्या अंधारात त्या मरायला हव्या होत्या. तरच ताईंचं म्हणणं खरं ठरणार होतं.

एकदा घाईघाईत ताईंनी पेशी उचलायची, ज्योतीवर लाल केलेली तार माझ्यावर टेकवली. जळका वास आला, मला भोक पडलं, पण ताईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. तिसऱ्या दिवशी बघतात तर एका बशीत यीस्टचे पांढरे ठिपके उगवलेले. ताईंनी ते मोजले. सगळे एकाच जागी, बरोबर माझ्या भोकाखाली होते, हे मात्र पाहिलं नाही. मोजून झाल्यावर बशी धुवायला गेली.

दशरथमामा रोज सकाळी तिथली खिडकी उघडून सूर्याला हात जोडत. त्यांनीच मला उचललं असणार, असं ताईंनी ठरवून टाकलं.

"बाई, मी हात लावूक नाय. कापड उजेडात धरून बघा," मामा म्हणाले.

"मामा, आता कापडावर ढकलू नका."

मला ओरडून सांगायचं होतं, पण कापडाला तोंड कुठलं? चोवीस वर्षांची नोकरी मामांनी त्याच महिन्यात सोडली. ताईंनी नवं जाड कापड आणलं, मला कपाटात कोंबलं, आणि प्रयोग जमला. मामा गेले म्हणूनच जमला, असं त्यांना वाटलं.

पाच वर्षांनी कपाट आवरताना ताईंनी मला खिडकीत झटकलं. त्यांच्या पांढऱ्या कोटावर उजेडाचा एक ठिपका पडला. ताईंनी मला उजेडात धरलं, आणि भोकाची जळकी कड बघून त्यांना ती लाल तार आठवली.

त्याच संध्याकाळी मला घेऊन त्या विक्रोळीच्या चाळीत गेल्या. मामांच्या पत्नी मालनमामींनी दार उघडलं. मामांना देवाघरी जाऊन आठ महिने झाले होते. ताईंनी रडत रडत माझं भोक दाखवलं. मामींनी बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं.

"बाईनी एकदा बघूक होया होतां, इतकाच बोलायचे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सुईदोरा काढला. फाटकं दिसलं की शिवायचं, ही त्यांची सवय. माझं भोक बुजवून त्यांनी मला घडी घालून परत दिलं.

मित्रांनो, यीस्टची इवलीशी पेशी आपलं नुकसान काही तासांत भरून काढते. माणसाला बोललेला शब्द तसा भरून निघत नाही. म्हणून कुणावर बोट रोखण्याआधी कापड उजेडात धरून बघा, आणि वेळेवर बघा. माझं रफू झालं, पण ते बघायला दशरथमामा नव्हते.