तिन्ही ग्रंथांना विचारलेला प्रश्न

आमच्या शहरात धर्म तीन आणि गुरुजीही तीन. सुट्टीचा वार कोणता, मेलेल्याला पुरायचं की जाळायचं, यावर तिघांचं कधी जमलं नाही. समोरासमोर आले तर एकमेकांना वाट द्यायलाही त्यांच्या जिवावर येतं. पण गुलामाचा वाद न्यायालयात आला की तिघांकडे एकच प्रश्न लिहून धाडायचा, अशी रीत आहे. एकाच्या जरी ग्रंथात 'सोडलंच पाहिजे' असं निघालं, तर न्यायाधीशसाहेब सोडायचा हुकूम देतात. तो प्रश्न लिहायचं काम माझं. बावीस वर्षं करतोय.

प्रश्नात नाव घालायचं नाही, हा पहिला नियम. 'एक मालक', 'एक दासी', बस्स. गुरुजींनी माणूस बघून उत्तर देऊ नये म्हणून. दुसरा नियम कुठे लिहिलेला नाही, तो मला माझ्या आधीच्या लेखनिकाने शिकवला: भल्या घरची लाज प्रश्नात आणायची नाही. शहर केवढंसं, नाव गाळलं तरी लोकांना वास लागतोच.

धान्याच्या व्यापाऱ्याकडची स्वयंपाकीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा व्यापारी जाऊन महिना झाला होता. सोबत तिची नऊ वर्षांची मुलगी होती. मरताना मालक तिला म्हणाले होते, "तुला आणि पोरीला मोकळं केलं." ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. आता सगळं पुतण्याच्या हातात गेलेलं, आणि त्याचं म्हणणं, काका तापात बरळले असतील. पोरीला तो आठवडाभरात आपल्या मिठागरावर धाडणार होता. मिठागरावरच्या पोरांचे पाय मी पाहिलेत. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

"दादा, आणखी एक लिहा," ती म्हणाली. "ही मालकांचीच पोर आहे."

मला ते ठाऊक होतं. पोरीचं कपाळ, भुवया, सगळं व्यापाऱ्याचं. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. पण व्यापाऱ्याची बायको अजून हयात होती, माझ्या बहिणीच्या लग्नात मांडीला मांडी लावून जेवली होती. मी लेखणी खाली ठेवली.

"बाई, त्याची गरज नाही. वचन दिलं होतं ना, तेवढं पुरे. तुम्ही निर्धास्त राहा."

मी लिहिलं: 'एका मालकाने मरतेसमयी दासीस व तिच्या मुलीस मोकळे केल्याचे तोंडी सांगितले. साक्षीदार नाही. वारस नाकारतो. सोडणे बंधनकारक आहे काय?' अक्षर काय सुरेख आलं होतं! मी स्वतःवरच खूश झालो.

चार दिवसांत तिन्ही उत्तरं आली. थोरल्या गुरुजींनी लिहिलं, दासाला आपल्या ताटातलं खाऊ घालावं, मोकळं केल्यास मोठं पुण्य, मात्र सक्ती नाही. धाकट्या गुरुजींनी लिहिलं, देवापुढे मालक आणि दास सारखेच, पण ते परलोकात. इथे ज्याने त्याने आपल्या जागी राहावं. मधल्या गुरुजींनी लिहिलं, सोडणाऱ्याला स्वर्ग आहे, पण साक्षीदाराविना वचन सिद्ध होत नाही. हजारो पानांचे तीन ग्रंथ, आणि 'माणूस विकू नका' हे तीन शब्द एकातही निघाले नाहीत. पुण्याची मात्र रेलचेल. जन्मात एकमेकांशी न पटणारे तिघे इथे कसे एका सुरात बोलले, याचं मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

साहेबांनी निकाल दिला: दावा फेटाळला.

निकालावर गुरुजींचे शिक्के घ्यायला मी फिरलो. मधले गुरुजी ओसरीवर बसून चष्मा पुसत होते. शिक्का उमटवता उमटवता म्हणाले, "वाईट वाटलं हो. त्या दासीला मालकापासून मूल असतं, तर प्रश्नच नव्हता. आमच्यात अशी आई मालक गेल्या क्षणी मोकळी होते, आणि मूल तर जन्मापासून मोकळं. वचन नको, साक्षीदार नको. पण तसं काही तुमच्या कागदात नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो.

तसाच न्यायालयात परतलो. साहेब निघायच्या तयारीत होते.

"साहेब, समजा प्रश्नात काही लिहायचं राहिलं असेल, तर?"

"तर प्रश्न पुन्हा धाडावा लागेल, आणि लेखनिक नवा बघावा लागेल." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "राहिलंय का काही?"

एक 'हो' म्हणायचं होतं. माझी बायको डोळ्यांपुढे आली, घर आलं, बावीस वर्षं आली. व्यापाऱ्याच्या बायकोचा चेहरासुद्धा आला. मी भेकड आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"नाही साहेब. सहज विचारलं."

सकाळी व्यापाऱ्याच्या मागच्या दारी मिठागराची गाडी लागली होती. मी तिथे का गेलो, देव जाणे. स्वयंपाकीण पायरीवर बसून पोरीच्या पायांना फडकी गुंडाळत होती, घट्ट, दोन-दोन पदर. मला बघून ती उठली नाही.

"दादा, ते लिहिलं होतंत ना? ही मालकांची आहे, ते?"

गाडीवान खाली उतरला होता. अजूनही मी 'नाही' म्हणू शकत होतो.

"लिहिलं होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. दुसऱ्या पायाचं फडकं बांधून झाल्यावर ती पोरीला म्हणाली, "बघ, तिन्ही देवांना सगळं सांगितलं होतं आपण. त्यांनी ऐकून नाही म्हटलं. आता कुणाला हाका मारत बसू नकोस."

पोर गाडीत चढली.