गिळलेली ओळ

मित्रांनो, मी एका जुन्या कम्पायलरचा पुढचा भाग आहे. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणे, हे कम्पायलरचे काम. तो प्रोग्राम सगळ्यात आधी ओळ न् ओळ वाचतो तो मी. कुठे कंस उघडा राहिला, कुठे शब्द चुकला, ते मी सांगतो. मी ओपन सोर्स आहे, म्हणजे मला कुणीही फुकट वापरावे, उघडून पाहावे, दुरुस्तही करावे.

मला एका बाईंनी घडवले. नकाशे छापणाऱ्या कचेरीत त्यांची नोकरी होती. कामावर जाण्याआधी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला लिहीत. शेगडीवरचे दूध उतू गेले की आतून त्यांचे वडील म्हणत, "तुझं यंत्र शहाणं झालं, तू कधी होणार?"

कुणी बग, म्हणजे माझ्यातली एखादी चूक, कळवला की दोन दिवसांत बाई तो काढत. दूरदूरची माणसे मला वापरू लागली. "इतक्या नीट चूक समजावणारा दुसरा नाही," असे कुणीतरी लिहिले, तेव्हा बाईंनी ते वडिलांना दोनदा वाचून दाखवले.

मग वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांना भरवणे, कुशीवर वळवणे, वर नोकरी. बाईंना उसंत उरली नाही. त्याच दिवसांत एका विद्यार्थिनीने कळवले, की फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एन्टर दाबलेले नसेल, तर ती ओळ मी न वाचताच सोडतो आणि चूकही दाखवत नाही. बाईंनी उत्तर दिले, "पुढच्या आठवड्यात बघते." असे चौदा आठवडे गेले.

त्यानंतर बियाणे जतन करणाऱ्या एका तंत्रज्ञाचे पत्र आले. शीतपेटी तापली की घंटा वाजवायची, ही त्याच्या प्रोग्रामची शेवटची ओळ होती. ती मी गिळली होती. सुट्टीत पेटी बंद पडली, घंटा वाजलीच नाही. एकोणीस वर्षे जमवलेले बी मेले. त्यातल्या काही जाती आता कुठल्याच शेतात नाहीत. "तक्रार नाही, फक्त कळवतोय," असे त्याने लिहिले होते.

बाईंनी दुरुस्ती केली. दोन ओळींची. वीस मिनिटेही लागली नाहीत. मग त्या वडिलांच्या खाटेपाशी जाऊन बसल्या.

"सापडली का चूक?" वडिलांनी अडखळत विचारले.

"सापडली, अण्णा. तीन महिन्यांपूर्वीच सापडली होती. मीच हात लावला नाही."

वडिलांनी आपला चालता हात लेकीच्या हातावर ठेवला.

त्याच महिन्यात बाईंनी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर लिहिले, "यापुढे मला जमणार नाही. कुणी सांभाळेल का?" त्याखाली तीनशे जणांनी वर केलेला अंगठा चिकटवला. त्यांना कौतुकच करायचे असेल, पण अंगठा दाखवणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. सांभाळायला कुणी आले नाही.

आजही मी रोज हजारो प्रोग्राम वाचतो. लोकांनी कळवलेल्या चारशे बारा चुका माझ्यात तशाच आहेत. न कळलेल्या किती, कोण जाणे. माझे मला दुरुस्त होता येत नाही.

मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू खुशाल वापरा. पण ती बिघडली, तर नुसते कळवून थांबू नका. तिच्यामागच्या माणसाला विचारा, "तुम्ही कसे आहात? मी काही करू का?" बाईंना आलेली सगळी पत्रे माझ्या पानावर आहेत. त्यांत हा प्रश्न एकदाही नाही.